पीपलीचा नत्था आणि आमच्या स्टँडवरचे काका

 आवाज नीट येतोय ना? मागच्या भागाखाली खूप जणांनी लिहिलं की पाठीमागून सारखी घरघर ऐकू येत होती. ती शेजारच्या वावरातल्या थ्रेशरची होती बाप्पा, तूर काढणं चालू होतं. म्हणून आज रात्री अकराला बसलोय. कुत्रं भुंकलं तर तेवढं सांभाळून घ्या, त्याला थांबवायचं बटण नाही.

नवीन लोकांसाठी सांगतो, मी किन्हीराजाहून बोलतो. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका. मालेगाव म्हटलं की लोक नाशिककडचं धरतात, ते नव्हे. आमचं मालेगाव जहांगीर. तिथून शेलूबाजारकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. स्टँड, चहाच्या टपऱ्या, पानठेले, खत-बियाण्यांची दुकानं आणि हातात मोबाइल घेऊन बसलेली आम्ही पोट्टी. तुमच्या गावात असतं तेच.

आजचा विषय सिनेमाचा आहे. पण खरं सांगायचं तर सिनेमाच्या आडून मला एक दुसरी गोष्ट सांगायची आहे, जी सव्वा वर्ष झालं मी टाळतोय. ती शेवटी येईल. आधीच पुढे ढकलून ऐकू नका, मला कळतं कोण कुठे सोडून गेलं ते.

तर १९९८ साल. त्या वर्षी १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशिम जिल्हा झाला. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेत एक सिनेमा लागला होता, ‘द ट्रुमन शो’. पीटर वीअर हा दिग्दर्शक, आणि जिम कॅरी. आता ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण मला तारखा जुळल्या की बरं वाटतं.

गोष्ट अशी की ट्रुमन नावाचा माणूस एका छान, स्वच्छ गावात राहतो. त्याला माहीत नाही की ते गाव म्हणजे मोठ्या घुमटाखालचा सेट आहे. शेजारी नट आहेत, जिवलग मित्र नट आहे, बायकोसुद्धा नटीच. जन्मल्यापासून चोवीस तास कॅमेरे त्याच्यावर आहेत आणि सगळं जग त्याला बघतंय. एक दिवस आकाशातून दिवा पडतो, धाडकन रस्त्यावर, आणि तिथून त्याला संशय यायला लागतो. बायको बोलता बोलता मध्येच कोकोचा डबा उचलते आणि कुणाला तरी दाखवल्यासारखी त्याची तारीफ करते. आज हे बघताना हसू येतं, कारण आता आपल्या ओळखीतली अर्धी माणसं तसंच बोलतात. ‘गाईज, मी तर हेच तेल वापरते.’

त्या सिनेमातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं दृश्य शेवटचं आहे. ट्रुमन दार उघडून बाहेर जातो, जगभर लोक रडतात, नाचतात, एकमेकांना मिठ्या मारतात. आणि मग दोन सुरक्षारक्षक, जे इतकी वर्षं हाच कार्यक्रम बघत आलेत, ते एकमेकांना विचारतात, दुसरं काय लागलंय? कुठाय ते कार्यक्रमांचं पुस्तक? संपलं. तीस वर्षांचं प्रेम दोन सेकंदांत. अंगठा वर सरकवला, पुढची रील.

पण ट्रुमन आपल्यापासून लांब आहे. त्याला समुद्र आहे, बंगला आहे, नोकरी आहे. त्याला फसवलं, पण त्याच्या पोटाला कमी पडू दिलं नाही. आपल्याकडचा ट्रुमन वेगळा होता. त्याचं नाव नत्था.

‘पीपली लाइव्ह’. १३ ऑगस्ट २०१० ला आला. अनुषा रिझवी यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला, महमूद फारुकी सहदिग्दर्शक, आमिर खान निर्माता. अनुषा रिझवी आधी टीव्हीत पत्रकार होत्या, म्हणून त्यातली चॅनेलवाली माणसं इतकी अचूक उतरली आहेत. त्या वर्षी भारताकडून ऑस्करला हाच सिनेमा पाठवला होता. नत्था झालेले ओंकारदास माणिकपुरी छत्तीसगडचे, हबीब तन्वीर यांच्या नाटकमंडळीत घडलेले. शूटिंग मध्य प्रदेशातल्या बडवई गावात. ते ‘महंगाई डायन’ गाणं आठवतं ना? त्यात रघुवीर यादव यांच्याबरोबर गाणारी मंडळी त्याच गावची आहेत.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हा सिनेमा पाहिलेला नसणार. आला तेव्हा तुम्ही दुसरी-तिसरीत. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

नत्था आणि बुधिया दोघे भाऊ. बँकेचं कर्ज थकलंय, जमिनीचा लिलाव होणार. मदत मागायला ते गावच्या पुढाऱ्याकडे जातात. तिथे टिंगलीत कुणीतरी सांगतं की सरकार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना एक लाख रुपये देतं. झालं. घरी येताना दोघं भाऊ बसून ठरवतात की कोणी मरायचं. ‘मी मरतो’, ‘नाही, मी मरतो’ असं सुरू होतं, आणि थोरला हळूच माघार घेतो. धाकटा नत्था भोळा. तो हो म्हणतो. हे बोलणं चहाच्या टपरीवर एका छोट्या पेपरच्या वार्ताहराच्या कानावर पडतं. राकेश त्याचं नाव, काम नवाजुद्दीन सिद्दीकीनं केलंय, तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. बातमी छापून येते, दिल्लीतल्या इंग्रजी चॅनेलच्या बाई येतात, त्यांच्या मागोमाग हिंदी चॅनेल, त्याच्या मागोमाग सगळे. नत्थाच्या घरासमोर डिश अँटेनाच्या गाड्या. पोटनिवडणूक तोंडावर, म्हणून पुढारीही. मग जत्राच भरते हो. पाळणे येतात, भजी-जिलेबीची दुकानं लागतात. नत्था मरणार की नाही, मरणार तर कधी.

एक अधिकारी नत्थाला हातपंप देऊन जातात. लालबहादूर योजनेतला. पंप दारात पडलेला, बसवायला पैसे नाहीत. आणि नत्था सकाळी शौचाला जातो तो गायब होतो, तेव्हा एक चॅनेलवाला त्या जागी उभा राहून, त्या... काय म्हणू आता, त्या ‘पुराव्या’च्या रंगावरून नत्थाच्या मनःस्थितीवर थेट प्रक्षेपणात चर्चा करतो. पहिल्यांदा बघताना मी हसून लोळलो होतो. मला वाटलं होतं की हे जरा अतीच आहे. आता वाटत नाही.

बघा, नत्था सिनेमाभर जवळजवळ काही बोलतच नाही. सगळा देश त्याच्याबद्दल बोलतोय, आणि तो नुसता टकामका बघतोय. घरच्या बायकाच बोलतात. म्हातारी बाजेवर बिडी ओढत शिव्या घालते, बायको धनिया तर दिसेल त्याला धुऊन काढते. माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात खरं माणूस धनियाच आहे.

आणि दुसरा एक माणूस आहे, होरी महतो. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधल्या होरीवरून नाव घेतलंय. वाळकी हाडं. तो रोज एक खड्डा खणतो, माती विकतो, त्यावर जगतो. एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडलेला सापडतो. नत्थाच्या घरापासून थोड्या अंतरावर हे घडतं. एकही कॅमेरा तिकडे वळत नाही. राकेश त्या इंग्रजी बाईंना विचारतो, की तोही शेतकरीच होता, मेलासुद्धा, मग त्याची बातमी का नाही? त्या सांगतात की लोकांना नत्थात रस आहे. तुला हे झेपत नसेल तर तू चुकीच्या धंद्यात आहेस, अशा अर्थाचं.

आता इथे जरा थांबतो, कारण इथे आपला विदर्भ येतो.

२००६ साल घ्या. त्या वर्षी मुंबईत लॅक्मे फॅशन वीक झाला. पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलं होतं की त्या एका कार्यक्रमाला ५१२ अधिकृत पत्रकार हजर होते. रॅम्पवर सुती कपडे. आणि तो कापूस पिकवणारी माणसं विदर्भात, विमानानं तासाभराच्या अंतरावर, जीव देत होती. तिथे बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके. ‘नीरोज गेस्ट्स’ नावाची दीपा भाटिया यांची माहितीपट-फिल्म आहे साईनाथांच्या कामावर, ती शोधून बघा. त्याच वर्षी ३० जून आणि १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. सहा जिल्हे होते त्यात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा आणि आपलं वाशिम. आणि तीन आठवड्यांनी, त्याच जुलैत, हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात एक पाच वर्षांचा मुलगा बोअरच्या खड्ड्यात पडला. जवळजवळ पन्नास तास सगळी चॅनेलं तेच दाखवत होती. खड्ड्यात कॅमेरा सोडला होता. देशभर पूजा, नवस. पोरगं सुखरूप निघालं, फार चांगलं झालं. पण टीव्हीवाल्यांना त्या दोन दिवसांत कळलं की माणूस अडकलेला असेल आणि सुटणार की नाही हे ठरायचं असेल, तर लोक जागचे हलत नाहीत. नत्था त्याच खड्ड्यातून आलाय असं मला वाटतं.

‘पीपली’ लागला तेव्हा विदर्भ जनआंदोलन समितीनं त्यावर बंदीची मागणी केली होती. त्यांचा राग असा की सिनेमा बघून लोकांना वाटेल, शेतकरी मदतीच्या पैशासाठी मरतात. मला कुठल्याही सिनेमावरची बंदी पटत नाही. पण तो राग मला समजतो. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी थिएटरमधलं हसणं ऐकायचं तरी कसं?

शिवाय त्या एक लाखाची खरी गोष्ट सिनेमाहून विचित्र आहे. महाराष्ट्रात २००५ पासून हा नियम आहे. एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. पण सरसकट नाही. नापिकी पाहिजे, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलेलं पाहिजे, वसुलीचा तगादा पाहिजे. हे सगळं कागदावर पाहिजे. मग समिती बसते आणि प्रकरण एक तर ‘पात्र’ ठरतं, नाहीतर ‘अपात्र’. हा शब्द बघा तुम्ही. पात्र. नाटकातलं, सिनेमातलंही पात्रच. आमच्याकडे माणूस मेल्यावर ठरतं की तो पात्र होता का. घरच्या बाईला तलाठ्याकडे, तहसीलला चकरा माराव्या लागतात आपला नवरा पात्र होता हे सिद्ध करायला.

‘पीपली’चा शेवटही इथेच येतो. गोंधळात एका गोदामात आग लागते, एक देह सापडतो, सगळे म्हणतात नत्था गेला. खरं तर तो राकेश असतो, जो एकटाच प्रश्न विचारत होता. गाड्या निघून जातात. मागे बाटल्या, पत्रावळी, धूळ. आणि धनियाला पैसे मिळत नाहीत, कारण हा अपघात आहे, आत्महत्या नाही. म्हणजे अपात्र. नत्था शहरात एका इमारतीच्या बांधकामावर घमेली वाहताना दिसतो, अंगभर धूळ.

(हा भाग ऐकताना कुणाच्या मनात तसलं काही येत असेल तर १४४१६ लावा. टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लाज बाळगू नका.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या जळका गावच्या कलावती तुमच्या आईवडिलांना नक्की आठवत असतील. पतीनं आत्महत्या केलेली, पदरी लेकरं. २२ जुलै २००८ ला लोकसभेत अणुकरारावरून विश्वासदर्शक ठराव चालू होता. राहुल गांधींनी भाषणात त्यांचं नाव घेतलं आणि अणुऊर्जेचा मुद्दा मांडला. दुसऱ्या दिवसापासून जळक्यात गाड्याच गाड्या. मदतही आली, नाकारायचं कारण नाही. पण मग दर निवडणुकीला, दर वर्धापनाला पत्रकार येणार. काय बदललं? आता काय वाटतं? इकडे बघा. जरा उंबऱ्यात बसा. आणि १५ वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, अविश्वास ठरावावरच्या चर्चेत अमित शहा यांच्या भाषणात पुन्हा त्यांचं नाव निघालं. पुन्हा गाड्या जळक्याला. ह्या वेळी त्यांनी स्वतः पत्रकारांना सांगितलं की मदत कुणी केली होती, आणि ते सभागृहात सांगितलं गेलं त्याहून वेगळं होतं. तुम्ही कुठल्या पक्षाचे आहात ह्याच्याशी मला देणंघेणं नाही. मला एवढंच दिसतं की एका बाईला स्वतःच्याच घराबद्दल खुलासा करावा लागला.

आता ‘बिग बॉस’चं म्हणाल तर ते मी मोजत नाही. मराठीत ते २०१८ पासून चालू आहे. बारामतीकडचा सूरज चव्हाण टिकटॉकवरून वर आला, टिकटॉक २०२० मध्ये बंद पडलं तरी टिकला आणि २०२४ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला. मला तो आवडतो. पण तो आत गेला तेव्हा कॅमेरे कुठे आहेत हे त्याला माहीत होतं. सही केली होती. नत्थानं कुठे सही केली होती?

मला सांगायची गोष्ट इथूनच सुरू होते.

२०२४ ची दिवाळी जवळ आलेली. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता त्या हंगामाला आणि बाजारात चार हजारांच्या आसपास रडत होतं. ओलं म्हणून कमी, डागी म्हणून आणखी कमी. आमच्या गल्लीतले एक काका, नाव घेत नाही, माल विकून स्टँडवर उतरले. हातात हिशोबाची पट्टी. हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं कापून उरलेला आकडा त्यांनी दोनदा वाचला. मग पट्टीची घडी घातली, चहावाल्याच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले,

“घे बाप्पा. ह्या पट्टीत कप येते का बशीच?”

सगळे हसले. काका स्वतःही हसले. माझा मोबाइल चालूच होता, मी आधीच काहीतरी काढत होतो. ३८ सेकंदांचा व्हिडिओ. घरी जाऊन खाली अक्षरं टाकली, ‘शेतकऱ्याची दिवाळी’, पुढे रडका चेहरा, आणि टाकून दिला. मला वाटलं मी चांगलं काम करतोय. खरंच वाटलं. सोयाबीनच्या भावावर कुणी बोलत नाही, ह्या निमित्तानं बोलतील.

दोन दिवसांत ११ लाख लोकांनी पाहिला. माझे ९०० फॉलोअर होते, ते १४ हजार झाले. तुम्ही आत्ता ऐकताय ना, तुमच्यातले किती तरी जण तिथूनच आलात. हा माइकसुद्धा त्यानंतरच घेतला मी. कुणीतरी मला रोज सांगत होतं की भाऊ, आता थांबू नको, त्या काकांना घेऊन आणखी बनव. आणि मी, खोटं कशाला बोलू, विचारायला गेलोही होतो.

भावाची चर्चा झाली का? झाली थोडी, पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी व्हिडिओ सोडला आणि आवाज उचलला. ‘कप येते का बशीच’ वर रील सुरू झाल्या. पुण्यात कुणीतरी पगाराच्या पावतीवर केली. एका मुलीनं नवऱ्यानं आणलेल्या साडीवर केली. जिममध्ये, कॉलेजात, कुत्र्यामांजरांवर. काकांचा आवाज, दुसऱ्यांची तोंडं. काकांकडे बटणांचा मोबाइल. त्यांना कळलं ते असं, की शाळेतली पोरं त्यांना पाहून ओरडायला लागली, “काका, कप का बशी?” पहिले दोन दिवस त्यांना वाटलं पोरं चहा पाजायला बोलावतायत.

मग एक यूट्यूबवाला आला, हातात दांडी. म्हणाला, पुन्हा एकदा म्हणा ना तसंच. काकांनी म्हटलंसुद्धा, भिडेखातर. मग निवडणूक आली, २० नोव्हेंबरचं मतदान. एका बाजूचा कार्यकर्ता आला की सभेत पुढे बसा आणि एवढं एकच वाक्य बोला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचा आला. काका दोघांनाही नाही म्हणाले, तर दोघांनीही असं धरलं की हा समोरच्याचा माणूस.

इथवरही मला फार काही वाटलं नव्हतं. त्यांच्या मुलीची बोलणी चालू होती, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे गल्लीत राहून माहीत नव्हतं, ही माझी लायकी. पाहुणे एकदा येऊन गेले होते, पसंती होती, नुसतं बैठकीचं राहिलं होतं. तिकडून निरोप आला, जरा थांबू. का थांबू ते सांगितलं नाही. मध्यस्थानं सांगितलं, पाहुण्यांच्या पोरानं व्हिडिओ पाहिला. घरात काही उरलेलं दिसत नाही, लग्न कसं काढतील, असं बोलले म्हणे.

काकांनी स्टँडवर येणं बंद केलं.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ पाहिलाय का कुणी? २००९ चा, आपल्याकडचाच, वऱ्हाडीतला. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. त्यात गावातला एक शेतकरी आत्महत्या करतो आणि शेजारच्या किसनाच्या बायकोच्या मनात भीती बसते की आपलाही माणूस तसं काही करील. ती लहान पोराला त्याच्या मागे पाठवते, लक्ष ठेव म्हणून. किसना जिथे जाईल तिथे ते पोरगं. त्याला काही पत्ता नाही. तोही ट्रुमनच, पण कॅमेऱ्याच्या जागी त्याचं लेकरू. ‘पीपली’ इतका गाजला नाही तो, पण मला विचाराल तर मी आधी तो बघा म्हणेन.

त्या डिसेंबरात मी रोज सकाळी बघायचो, काका वावरात निघाले की त्यांचा नातू मागे. आठ वर्षांचा. काही काम नाही, हातात काडी घेऊन नुसता चाललाय. मी काकूंना विचारलं, ह्याला शाळा नाही का? काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आहे ना. पन जाऊ दे म्हटलं दोन दिवस बुढ्याच्या संगं.” एवढंच. मी घरी आलो आणि व्हिडिओ काढून टाकला.

माझा काढला. पण आवाज लोकांच्या रीलवर आहे, डाउनलोड करून ठेवलेला, कापलेला, गाण्यात मिसळलेला. मी काही जणांना मेसेज केले. दोघांनी काढला. एकानं विचारलं, भाऊ, कॉपीराइट तुझा आहे का? त्यावर मला उत्तर देता आलं नाही. माझा कुठे होता तो?

माफी मागायला गेलो त्या रात्री थंडी होती, ते शेकोटीपाशी बसलेले. मी पाठ करून गेलो होतो, ऐनवेळी काहीच आठवलं नाही. ते म्हणाले, “बस. तू काहून उभा?” मग बराच वेळ कुणी बोललं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना नत्थाची गोष्ट सांगायला लागलो. म्हणाले, दाखव. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही ‘पीपली लाइव्ह’ पाहिला. काका, काकू, नातू अर्धा झोपलेला.

मला वाटलं होतं, म्हातारीच्या शिव्यांना हसतील. काकू हसल्या. काका नाही. अर्ध्यात त्यांनी विचारलं, “यानं पेरलं काय होतं?”

मी थांबवलं. आठवून पाहिलं. मला सांगता येईना. कर्ज दाखवलंय, जमीन जाणार हे दाखवलंय. पण नत्थानं त्या वर्षी काय पेरलं होतं, ते माझ्या ध्यानात कुठेच नव्हतं. चार वेळा पाहिलेला सिनेमा, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

शेवटी, ती माती अंगावर घेतलेला नत्था दिसला तेव्हा त्यांनी विचारलं, “पैसे भेटले का मंग बायकोले?”

“नाही. अपघात म्हणून धरला ना.”

“मंग एवढी लोकं कायले आली होती?”

मोबाइल उचलून खिशात घातला मी. निघताना म्हणाले, “चालू नाही ना तो?” मी काढून दाखवला. बंद होता.

हा भाग करू का, हे मी त्यांना विचारलंय ह्या वेळी. चार दिवसांनी उत्तर आलं. गावाचं नाव घे, माझं घेऊ नको. आणि ते चहाचं वाक्य त्यांनीच सांगितलं टाकायला. म्हणाले, लोकायले तेवढंच ठाऊक हाय, बाकीचंही सांग.

मुलीचं लग्न मागच्या एप्रिलात झालं. ते पहिले पाहुणे नाही, दुसरीकडे. मला पत्रिका होती. काकू आदल्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, ये, पण मोबाइल घरी ठेवून ये. ठेवला. त्यामुळे फोटो नाहीत माझ्याकडे. वांग्याची भाजी होती, पोळ्या, बुंदी. वाढायला मीच होतो दोन पंगतींना, पाण्याचा जग घेऊन. काकांच्या ताटाजवळ आलो तर त्यांनी वर न बघता वाटी पुढे केली आणि म्हणाले, “बशी नाही, पूर्ण भर.”

चला मंडळी, बारा वाजत आले, लाइट जायच्या आत फाइल चढवतो. त्या आवाजाची रील तुमच्याकडे पडून असेल तर काढून टाका, मला कळवायची गरज नाही. पुढच्या भागात ‘वळू’ घेऊ, त्यातला डुरक्या बैलही न विचारता सिनेमात आलेलाच आहे. रात्रीचं फार जागू नका. नमस्कार.